फुजैराचा कासरा

दुबईहून परतलेल्या बाईला आमच्या गावात आधी सोन्याचा भाव विचारतात आणि मग त्या ढगात शिरणाऱ्या इमारतीबद्दल. मी दोन्ही पाहून आले. सोनं काचेतून पाहिलं आणि इमारत मान मोडेपर्यंत पाहिली. पण आल्यापासून जो कोणी घरी येतो त्याला मी बैलांचीच गोष्ट सांगत सुटते. लोक आधी हसतात. दुबईला कुठले आलेत बैल, म्हणतात. मग त्यांच्या हातातला चहा गार होतो.

त्याआधी थोडं आमच्या घरचं सांगायला हवं. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या जुन्नरकडे यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, आणि त्या जिथे होतात त्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. घाट भरला की दवाखानाही भरायचा. कुणाची बरगडी, कुणाचं मनगट, कुणाचे पुढचे दोन दात. जखम धुता धुता मी प्रत्येकाला विचारायची, "कशाला गेला होतास मरायला?" एकानेही मला कधी धड उत्तर दिलं नाही. मग एका चैत्रात स्ट्रेचरवरून आमचे हेच आले.

यांचं पंचक्रोशीत नाव होतं ते बैल धरणारा म्हणून. गाडी जुंपताना बैल उधळू पाहतो, त्याला कासऱ्यावर, म्हणजे त्याच्या दोरावर, रोखून धरायचं काम यांचं. त्या दिवशी बैल उधळला, यांनी कासरा सोडला नाही आणि गाडीचं चाक मांडीवरून गेलं. मी विचारलं, "कशाला धरून ठेवलात? सोडून द्यायचा होता!" हे म्हणाले, "सांगता येत नाही." चांगल्या शुद्धीवर असलेल्या माणसाने असं उत्तर द्यावं याचा मला इतका संताप आला, की तिथेच सलाइनच्या बाटलीखाली मी त्यांना शपथ घातली. आमची एकुलती एक रोहिणी तेव्हा चौथीत होती. तिच्या गळ्याची शपथ, पुन्हा बैलाच्या दोराला हात लावायचा नाही.

शपथ घालणाऱ्यानेच ती सोडवायची असते. त्याने तोंडाने "सुटली" म्हटलं तर सुटते, नाहीतर जन्माची गळ्यात. यांनी कधी "सुटली म्हण" असं म्हटलं नाही आणि मीही म्हणाले नाही. पाय बरा झाला, जरा ओढून टाकतात एवढंच. पोळ्याला शेजाऱ्यांचे बैल दारात येतात. मी ओवाळते, पुरणपोळी चारते, आणि हे बाजूला हात पाठीमागे बांधून उभे राहतात. ते बांधलेले हात बघून मला वाईट वाटत नसे असं नाही. पण दोन पायांवर उभा असलेला नवरा मला जास्त हवा होता.

दुबई

संक्रांत आटोपून आम्ही लेकीकडे गेलो. रोहिणी आणि जावई निखिल तिथे नोकरी करतात. नातू अर्णव नऊ वर्षांचा आहे. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. माझे तिळाचे लाडू त्याने "व्हेरी हार्ड, आजी" म्हणत तीन खाल्ले.

एका संध्याकाळी त्याने टॅबवर मला स्पेनमधला एक व्हिडिओ दाखवला. अरुंद गल्ली, पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसं जिवाच्या आकांताने पळतायत, आणि मागून मोकळे सोडलेले बैल. एक जण पडला. बैल त्याच्यावरून गेले.

"अगं बाई! यांना कोणी घातलं त्या गल्लीत?"

"नोबडी, आजी. दे वाँट टु," अर्णव म्हणाला.

"पण कशाला?"

"अ‍ॅड्रेनलिन, आई," निखिल लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. "आमच्या ऑफिसमधला एक जण लीव्ह टाकून गेला होता. म्हणे, वर्षभर एक्सेल शीट बघतो, दोन मिनिटं तरी जिवंत असल्यासारखं फील होतं."

"दोन मिनिटांसाठी बरगड्या मोडून घ्यायच्या? खुळे कुठले!"

हे खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघत होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "पडल्यावर उठायचं नसतं. पडून राहायचं. बैल पडलेल्याला ओलांडून जातो." एवढं बोलून पुन्हा खालच्या गाड्या बघू लागले. अर्णव त्यांच्याकडे नवा माणूस भेटल्यासारखा बघत राहिला.

मुहैस्ना

आमच्या शेजारच्या वस्तीवरचा संपत दुबईतच, मुहैस्नाला राहतो. त्याच्या आईने आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया दिल्या होत्या. मुहैस्नातल्या कामगारांच्या वसाहतीला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईत या नावाने मसणवट ओळखतात, त्यामुळे मी मनातल्या मनात रामराम म्हणत उतरले. प्रत्यक्षात तिथे माणसांचा नुसता कल्लोळ होता. एकसारख्या इमारती, गॅलरीगॅलरीत वाळत घातलेले निळे कामाचे कपडे, जिन्यात फोडणीचा वास, दारोदारी चपलांचे ढीग.

संपत बांधकामावर सळया बांधतो. वयाने तिशीचा, अंगाने काटक. खोलीत एकावर एक पलंग होते, त्यातल्या खालच्यावर आम्हाला बसवून त्याने चटणीची पिशवी आधी नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. मग चहा दिला आणि फोन पुढे केला. फोनवर एक काळाकभिन्न बैल होता. वशिंड केवढं! पाठीवर एक पोर सहज निजेल.

"इथला हाय, आण्णा," तो यांना म्हणाला. "डोंगरापल्याड फुजैरा हाय, तितं शुक्रवारी झुंजी लागत्यात. रगत-बिगत न्हाय काय. डोक्याला डोकं लावून रेटारेटी. ज्यानं पाठ दावली त्यो हरला, खलास. आमच्या कंपनीला शुक्रवारीच सुट्टी. मी जातो दोर धरायला."

हे बसल्या जागी ताठ झाले. मी मात्र उसळले.

"तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"न्हाय. सांगू नगा, काकू."

"कशाला धरतोस मेल्या?"

माझ्या इतक्या वर्षांच्या सवयीने मी उत्तराची वाट न बघता चहाचा घोट घेतला. पण संपत आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला, "हप्ताभर लोखंडाला हात लावतो, काकू. थंडीत गार, उन्हात भाजतंय. येक दिस तरी जित्या अंगाचा हिसका लागू दे की हाताला."

मला पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं. ते मला कळलंही, आणि कळलं याचाच राग आला.

"जाऊ या," हे म्हणाले. "नुसतं बघायला." बोलताना त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले होते. त्या हातांकडे बघून मला नाही म्हणवेना.

"लांबून," मी बजावलं.

डोंगराच्या पलीकडे

निखिलला ऑफिसमधून लवकर निघता आलं आणि आम्ही शुक्रवारी दुपारी गाडीतून निघालो. संपत सकाळीच दुसऱ्या कुणाच्या गाडीने पुढे गेला होता. वाटेत चहाची एक टपरीवजा खोली आली. निखिलने उतरण्याऐवजी हॉर्न वाजवला आणि आतून माणूस पळत आला. आमच्याकडे असा हॉर्न वाजवला तर चहावाला आधी आईवरून काहीतरी बोलेल. इथे त्याने हसून कागदी पेल्यांत दाट, वेलदोड्याचा करक चहा आणून दिला. "आठ दिरहम, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये," रोहिणी म्हणाली. सगळ्या गोष्टींचे रुपये करायची तिची खोड अजून गेलेली नाही. दोनशे ऐकून मी पेला चाटूनपुसून प्यायले.

वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. डोंगर मी जन्मभर पाहिलेत, शिवनेरी माझ्या अंगणातून दिसतो. पण असे डोंगर पाहिले नव्हते. झाड नाही, गवत नाही, मातीसुद्धा नाही. नुसता खडक, तपकिरी, जांभळा, काळा, एकामागे एक, आणि त्यांच्यावर ऊन असं पडलेलं की प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी. आपल्या सह्याद्रीची साल कुणी सोलून काढली तर आत असंच निघेल. एवढं काहीच नसूनही एवढं मोठं वाटणारं असं काही मी आधी बघितलं नव्हतं. मग एक वळण आलं आणि समोर एकदम निळा समुद्र. यांनी खिडकीची काच खाली केली. त्यांना म्हणे शेणाचा वास आला होता. आम्हाला कुणालाच येत नव्हता.

फुजैरा

समुद्राजवळच एक मोठं वाळूचं मैदान. त्याला कुंपण, कुंपणाला लागून ओळीने उभ्या मोठाल्या गाड्या, आणि गाड्यांच्या टपांवर, बॉनेटवर पांढऱ्या झग्यांतली माणसं. चटया अंथरून बसलेली कुटुंबं, थर्मास, फळं, मुलं. आमच्या यात्रेत आणि यात फरक एवढाच की रेवडीवाला नव्हता.

आणि मैदानाच्या कडेने, जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबांना बांधलेले बैल. फोटोत बघणं निराळं आणि दहा हातांवरून बघणं निराळं. एकेकाची मान म्हणजे वडाचं खोड. पुढच्या खुराने वाळू उकरत, अंगावर उडवत ते असे काही घुमत होते की आवाज कानांना नाही, छातीला कळत होता. मी दवाखान्यात बैलांची करणी पाहिली होती, बैल कधी असा पाहिला नव्हता. पोळ्याच्या सजवलेल्या, गोंडे लावलेल्या बैलाला मी पोळी चारत आले, त्याच्या आत हे असं असतं याची मला कल्पनाच नव्हती. माझे हात नकळत जोडले गेले.

लांब बसायचं ठरलं होतं, पण यांना बैल नेण्या-आणण्याच्या फाटकाजवळचीच जागा आवडली. तिथे तो फोटोतला काळा बैल बांधलेला होता. त्याचं नाव बारूद. मालक सईद नावाचे म्हातारे गृहस्थ, दाढी पांढरी, हातात काठी. संपतने ओळख करून दिली तसे ते आमच्याशी चक्क हिंदीत बोलू लागले.

"बंबई हम गया है. बाप के साथ, लकडी का जहाज में, खजूर लेके. बहुत छोटा था."

मी पिशवीतून तिळाचे दोन लाडू काढून त्यांना दिले. त्यांनी एक खाल्ला, डोळे मिटून "अल्ला!" म्हणाले आणि दुसरा बारूदच्या तोंडात घातला. मला वाटलं, झालं, संक्रांतीचं पुण्य मिळालं.

"खाता क्या है ये?" यांनी विचारलं. हात पाठीमागेच.

"खजूर, दूध, घी, शहद. मेरे से अच्छा खाता है."

"और पहले? पहले काम क्या करता था?"

म्हाताऱ्याने काठी वाळूत रोवली. "पहले कुआँ का पानी निकालता था. ऐसा." आणि तो उताराला लागलेल्या बैलासारखा चार पावलं पुढे गेला, मागे वळून रिकाम्या हाताने पाणी ओतल्यासारखं केलं आणि उलट्या पावलांनी परत आला.

"मोट!" हे ओरडले. "अगं, मोट! आपली मोट!" आणि लंगडा पाय विसरून तेही उताराला लागले. दोन म्हातारे त्या वाळूत, नसलेल्या विहिरीतून नसलेलं पाणी काढत होते आणि एकमेकांना हातवारे करून दुरुस्त करत होते. अर्णव आधी हसला आणि मग त्यांच्या मागे चालू लागला. यांना इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी सईदना माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी बारूदच्या मानेवर थाप मारली.

"अब पंप आ गया. कुआँ का काम खलास. लेकिन ताकत तो है ना, हुरमा? बैल में भी, आदमी में भी. ताकत किधर रखेगा?"

हुरमा म्हणजे बाई, हे मला संपतने सांगितलं.

बारूदची पाळी आली. समोर तांबडा, तेवढाच थोराड. संपत आणि आणखी तिघे बारूदच्या डोक्याचा दोर धरून त्याला मैदानात घेऊन गेले. मागच्या पायाला आणखी एक लांब दोर होता, तो एक पठाण धरून होता. दोन्ही बैलांनी एकमेकांना पाहिलं, माना खाली घातल्या, आणि कपाळाला कपाळ लागलं. तो आवाज माझ्या घडीच्या खुर्चीच्या पायांतून वर आला. मग सगळं थांबल्यासारखं झालं. दोघांचे चारही पाय वाळूत रुतलेले, कुणीच हलत नाही, फक्त पाठीवरच्या कातडीखाली काहीतरी सरकतंय. लाऊडस्पीकरवर अखंड बोलणारा माणूसही गप्प झाला. त्या क्षणी कुणी विचारलं असतं, जायचं का घरी, तर मी त्याला मारलं असतं.

तांबड्याने इंचाइंचाने रेटायला सुरुवात केली. बारूदचा एक पाय सरकला. आणि अचानक त्याने पाठ दाखवली. आता हरलेला बैल कुठे जाणार? आपल्या खांबाकडे. खांब आमच्या शेजारी आणि मध्ये फाटक सताड उघडं.

पठाणाच्या हातातून पायाचा दोर केव्हाच निसटला होता. डोक्याच्या दोरावरच्या तिघांनीही हात सोडले. संपतने सोडला नाही. नंतर कळलं की त्याला सोडता आलाच नाही, दोर त्याने मनगटाला गुंडाळला होता. तो पालथा पडून वाळूतून फरफटत येत होता.

"पळा!" कोण ओरडलं माहीत नाही. मी अर्णवचा दंड धरला आणि धावले. रोहिणी, निखिल, चटया, थर्मास, सगळेच धावत होते. गाडीआड पोचून मी मागे बघितलं, आणि हे आले नव्हते.

हे त्या लोखंडी खांबाशी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. बारूद त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखा पुढे गेला आणि पायाचा मोकळा दोर वाळूवरून सळसळत त्यांच्या पावलांशी आला. नुसतं वाकायचा अवकाश होता. पण ते बैलाकडे बघत नव्हते, दोराकडे बघत नव्हते, फरफटणाऱ्या संपतकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि ते काय हे त्या सबंध मैदानात मला एकटीलाच ठाऊक होतं.

"सुटली!" मी किंचाळले. "सुटली, सुटली!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ते वाकले. दोराचा एक वेढा खांबाला पडला, आणि ते सगळं अंग टाकून मागे रेलले. दोर खांबावर करकरला. बारूदचा मागचा पाय ओढला गेला, तो अडखळला, वळला आणि उभा राहिला. सईद काठी टाकून पुढे गेले आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून अरबीत काहीतरी पुटपुटू लागले. एवढं प्रचंड जनावर, पण त्याने मान खाली घातली. मैदानात टाळ्या वाजत होत्या, त्या बैलासाठी की आमच्या यांच्यासाठी, कळलं नाही.

संपत उठून बसला. हनुवटी सोललेली, तोंडात वाळू. "खलास, काकू, काय न्हाय झालं," म्हणत थुंकत होता. मी त्याचं मनगट हलवून बघितलं, हाड शाबूत होतं. मग त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी मलाच रडू फुटलं. सईद आले, छातीवर हात ठेवून यांच्यापुढे वाकले आणि कुठूनतरी खजुराचा आख्खा डबा आमच्या गाडीत आला.

परतताना डोंगर काळे झाले होते. मी मागच्या सीटवर यांचा हात मांडीवर घेऊन बसले. तळव्याची कातडी दोराने सोलवटली होती. माझ्या पर्समध्ये कापूस आणि मलम असतंच, नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नाही. मी जखम पुसत होते तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "आता घाल परत शपथ."

मी घालणारच होते. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात मलमाचं झाकण फिरवताना माझाच हात चरचरला. मी दिव्याखाली तळवा उलटा केला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत लालभडक वळ, मधे दोराचे तंतू रुतलेले.

"आई!" रोहिणी पुढून ओरडली. "तू पण? अगं, तू कधी धरलास?"

"शी वॉज बिहाइंड आजोबा," अर्णव म्हणाला. "शी वॉज पुलिंग."

मला आठवेना. गाडीआडून मी किंचाळले ते आठवत होतं. खांबापर्यंत कशी पोचले, दोराचं टोक केव्हा उचललं, काही म्हणजे काही आठवेना. आठवत होता तो फक्त हिसका. खांद्यापासून टाचेपर्यंत गेलेला, आणि त्याच्या पलीकडे ते केवढंतरी जिवंत असलेलं काहीतरी.

हे माझ्या तळव्याकडे बघत होते. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं असतं तसा तो आवाज होता.

"कशाला धरलास गं?"

संपतला वाचवायला, असं मी म्हणणार होते. पण खोटं कशाला बोला, त्या वेळी मला संपत दिसलाच नव्हता.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या हातातलं मलम काढून घेतलं आणि माझा तळवा आपल्या मांडीवर ठेवला. शपथेचं नाव त्यानंतर दोघांनीही काढलं नाही. मलमपट्टी यांना मुळीच येत नाही. कापूस भलताच जाड घेतला, पट्टी सैल बांधली आणि गाठ नेमकी जखमेवर आली. मी तशीच बांधू दिली.